स्ट्रॉबेरीवर जैविक बुरशी पूर्ण सीझन वापरून पाहिली, थंडीत मस्त, उन्हात ढिली

अक्कलकुव्याच्या वरती डाबकडे स्ट्रॉबेरी करणारे आता बरेच झालेत, आपला प्लॉट पण तिकडेच. लागवडीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत कीड मारणारी जैविक बुरशी वापरली, दुकानदार सांगतो ते आणि प्लॉटवर दिसतं ते यात भलता फरक आहे म्हणून लिहितोय.

मारते का, तर मारते. पण संध्याकाळी फवारलं न सकाळी साफ, असं नाही भाऊ. बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतात, ओलावा मिळाला की रुजतात, कातडी भेदून आत शिरतात आणि मग कीड मरायला चार ते दहा दिवस. हवा दमट असेल तरच मेलेल्या माव्यावर पांढरी बुरशी दिसते, नाहीतर नुसता वाळून तपकिरी पडतो, त्यामुळे पांढरं दिसलं नाही म्हणजे पुडी बोगस असं नाही.

या बुरशीचे प्रकार वेगवेगळे. माव्यावर व्हर्टिसिलियम (नाव बदलून लेकॅनिसिलियम झालंय, दुकानात कोणी म्हणत नाही) एकदम भारी, लिटरला ५ ग्रॅम. फुलकिडे फुलात दडून बसतात, तिथे बिव्हेरिया ही दुसरी बुरशी आठवड्याच्या अंतराने परत परत मारावं लागलं तेव्हा आटोक्यात आले. लाल कोळीवर काही खास नाही वाटलं. हुमणीसाठी (मुळं खाणारी अळी) मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून गादीवाफ्यात लागवडीआधीच टाका, मल्चिंगचा कागद अंथरल्यावर कुठे टाकणार?

खरी डोकेदुखी बुरशीनाशकाची. दमट हवा या बुरशीला लागते आणि फळकुजीलाही तीच आवडते, आणि फळकुजीचं औषध मारलं की आपली विकत घेतलेली बुरशीपण मरते! दोन्ही एका पंपात कधीच नाही, मधे आठवडाभर गॅप ठेवला तेव्हा जमलं, पण ढगाळ वातावरणात तो गॅप ठेवायला छाती लागते.

फेब्रुवारी सरला की खानदेशातलं ऊन माहितीच आहे, ३५ अंशाच्या वर ही बुरशी काम करत नाही आणि कडक उन्हात बीजाणू तसेच मरतात. सूर्य कलल्यावरच फवारा, तोवर मधमाश्या पण गेलेल्या असतात.

एवढं सगळं करून घ्यायची का, तर हो. स्ट्रॉबेरीचा तोडा दिवसाआड, केमिकल मारून थांबायला वेळच कुठे असतो? पुढच्या वर्षी परत घेणार पण जानेवारीपर्यंतच्याच फवारण्यांपुरती, आणि पुडीवरची तारीख, सीएफयू (जिवंत बीजाणूंचा आकडा) बघून, उन्हात मांडलेला माल तर फुकट दिला तरी नको.