निरगुडीचं तेल: बाटलीत निरगुडी आहे का नुसता मेंथॉलचा गारवा?

निरगुडीचं तेल हल्ली सगळीकडे मिळतं, मेडिकलमध्ये, आयुर्वेदिक दुकानात, ऑनलाइन, प्रदर्शनातल्या बचत गटाच्या स्टॉलवर, आणि आईच्या गुडघ्यांपायी यातल्या बऱ्याच बाटल्या आमच्या घरात येऊन गेल्यात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. माझं मत आधीच सांगून टाकते. तेल खरंच चांगलं असतं, पण तिळाच्या तेलात ताज्या पाल्याचा रस आटवून केलेलं असेल तरच. आणि ज्यांच्या बांधावर, ओढ्याकाठी निरगुडीचं झुडूप आहे त्यांना निम्म्या कामांसाठी बाटलीची गरजच नाही, पाला तोडून आणला की काम होतं.

आधी न आवडलेल्या बाटलीबद्दल. कंपनीचं नाव घेत नाही कारण अशा बाटल्या एकट्या कोणाच्या नाहीत, भरपूर जण बनवतात. पुढच्या बाजूला हिरव्यागार पानांचं मोठं चित्र, मोठ्या अक्षरात निर्गुंडी (निरगुडीचंच संस्कृत नाव), आणि बाटली फिरवून मागचं बारीक वाचायला घेतलं तर सगळ्यात आधी लिक्विड पॅराफिन म्हणजे खनिज तेल, मग मेंथॉल, कापूर, गंधपुरा तेल, आणि पार शेवटी कुठेतरी निर्गुंडी अर्क. तेल पाण्यासारखं पातळ, हातावर घेतलं की गार गार लागतं आणि नाकात झणझणीत वास जातो, आईला पहिल्या दिवशी वाटलं की वा, लगेच फरक पडला. पण तो गारवा मेंथॉलचा आहे आणि नंतरची ऊब कापूर-गंधपुऱ्याची, निरगुडीच्या तेलात असा बर्फासारखा गारवा नसतोच. अर्ध्या तासात वास उडाला, गारवा गेला, गुडघा होता तसा आखडलेला, आणि कातडीवर नुसता चिकट थर राहिला. बाम म्हणून विका की, कोण नको म्हणतंय, बाम पण लागतोच घरात, पण निरगुडीच्या नावावर कशाला विकायचं? राग येतो तो याचा, कारण ज्यांनी खरं तेल कधी बघितलंच नाही ते हे लावून म्हणतात की निरगुडीत काही दम नाही.

आता आवडलेली बाटली. ही एका बचत गटाच्या बायकांकडून घेतली, साधी काचेची बाटली, लेबल साधं, आणि घटक फक्त तीन: निर्गुंडी स्वरस (ताज्या पाल्याचा रस), निर्गुंडी कल्क (वाटलेला पाला), तीळ तेल. बास. रंग गडद, हिरवट-तपकिरी, उजेडासमोर धरली तरी आरपार स्वच्छ दिसत नाही. वास आधी भाजक्या तिळाचा येतो आणि मागून निरगुडीचा तो कडवट उग्र वास, ज्यांनी पान चुरगाळून हुंगलंय त्यांना लगेच कळेल. तेल दाट आहे, बोटावर घेतलं की हळू ओघळतं, चोळायला थोडा वेळ द्यावा लागतो पण कातडीत मुरतं, वर पातळ थर राहत नाही.

आई रात्री झोपायच्या आधी वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करते, गुडघ्याला खालून वर हलक्या हाताने चोळते, मग गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना जो गुडघा धरायचा तो आता बराच सैल असतो, जिना उतरताना कठड्याला लटकावं लागत नाही. झीज भरून आली वगैरे असलं काही मी म्हणणार नाही, गुडघ्याची झीज तेलाने भरून येत नसते, आणि यात मालिशचा आणि शेकाचा वाटा मोठा आहेच. पण तेच मालिश, तोच शेक पॅराफिनवाल्या तेलाने करूनही हा आराम नव्हता, हे आई स्वतः सांगते आणि तिच्या गुडघ्याचं तिच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार.

या बाटलीतही एक गोष्ट खटकली आणि ती महत्त्वाची आहे. त्याच गटाची नंतरची बाटली उघडली तर वास जरा आंबूस, आणि तळाशी पाण्याचा बारीक थेंब दिसत होता. याचं कारण तेल करण्याच्या पद्धतीत आहे, आणि पद्धत माहीत असली की कुठलीही बाटली पारखता येते.

आयुर्वेदात औषधी तेल सिद्ध करायचं ठरलेलं प्रमाण आहे, १ भाग कल्क म्हणजे वाटलेला पाला, ४ भाग तेल आणि १६ भाग द्रव, म्हणजे काढा किंवा रस. तेलाच्या चौपट द्रव घालायचा आणि मंद आचेवर सगळं पाणी उडून तेल उरेपर्यंत ढवळत बसायचं. हे तासन् तासांचं काम आहे, आच मोठी केली की कल्क तळाला लागतो आणि तेलाला करपट वास येतो. तेल झालं का हे बघायची परीक्षा मात्र एकदम साधी. तळाचा कल्क चिमटीत घेऊन वळायचा, त्याची वात झाली पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये. मग ती वात विस्तवावर धरायची, तडतड आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, आवाज न होता जळली तर तेल तयार. शिवाय तेल व्हायला आलं की वर फेस येतो (तुपाचं उलट असतं, तिथे फेस बसतो). आता त्या आंबूस बाटलीचं कळलं ना, घाईत जरा आधी उतरवलं असणार, पाणी राहिलं आणि तेल खवट व्हायला लागलं. मी गटातल्या ताईंना सांगितलं, त्यांनी लगेच बदलून दिली आणि वरून पाऊसपाण्याच्या दिवसात पाला फार ओला येतो त्यामुळे आटवायला जास्त वेळ लागतो हेही समजावून सांगितलं. असं मोकळेपणाने सांगणाऱ्यांकडून मी परत घेईन. झाकण मात्र सुधारायला हवं, बाटली आडवी झाली की तेल झिरपतं आणि तिळाच्या तेलाचा डाग कपड्यावरून जाता जात नाही.

किमतीचा मुद्दा पण याच्याशीच जोडलेला आहे. तिळाचं तेल महाग, ताजा पाला तोडायला माणूस लागतो, जळण किंवा गॅस जातो, त्यामुळे खरं निरगुडी तेल फार स्वस्तात मिळू शकत नाही. बाटली तिळाच्या साध्या तेलापेक्षाही स्वस्त दिसली तर आत तीळ नाही एवढं नक्की समजा.

आता बाटली बाजूला ठेवते आणि झुडपाबद्दल बोलते, कारण माझा खरा जीव तिथे आहे. निरगुडी म्हणजे व्हायटेक्स निगंडो, तुळशी-पुदिन्याच्या कुळातली, ओढ्याच्या, नदीच्या काठाला, पडीक जागेत, बांधावर आपोआप वाढते. एका देठाला हाताच्या पंजासारखी पाच पानं, कधी तीनच, वरून हिरवी आणि खालून पांढरट राखाडी, वारा आला की सगळं झुडूप चंदेरी दिसतं. निळसर जांभळ्या फुलांचे तुरे येतात, मग मिऱ्याहून बारीक काळी फळं. समुद्रकाठी हिची तीन पानांची जातभाई असते, दिसायला जवळची पण वेगळी, त्यामुळे कोणी आणून दिलं तर आधी ओळखीच्या माणसाला दाखवा. गुरं, शेळ्या हिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून शेताच्या कुंपणाला लोक मुद्दाम निरगुडी लावतात, पावसाळ्यात नुसती फांदी खोचली तरी जगते, आणि ओढ्याकाठची माती धरून ठेवते. आपल्याकडे निरगुडी, निरगुडसर अशी गावंच आहेत, इतकी ही इथल्या मातीतली.

सांधा आखडला, पाय मुरगळला की पाला तव्यावर टाकायचा, वर थोडं एरंडेल, पानं मऊ पडून वाफाळली की सोसवेल तेवढी गरम फडक्यात बांधून शेकायचं आणि मग तशीच दुखऱ्या जागी बांधून ठेवायची. तेलाच्या बाटलीइतकाच आराम यात मिळतो असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त रोज पाला आणायची सोय हवी. सर्दीने डोकं जड झालं की पाला उकळून वाफारा. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निरगुडीचा पाला उकळतात, ते पाणी अंगावर घेतल्यावर जो शीण उतरतो तो बाळंतपण झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. डोकं सारखं दुखणाऱ्यांसाठी वाळवलेला पाला उशीत भरायची पद्धत आहे, मी भरून बघितलाय, पहिले काही दिवस वास जरा अंगावर येतो मग सवय होते, डोकेदुखीला किती उपयोग होतो हे माणसागणिक वेगळं, मला झोप मात्र शांत लागते.

आणि हे सगळं औषधापुरतं नाही हो! निरगुडीचे फोक लवचिक असतात, सरळसोट वाढतात, त्यांच्या कणग्या विणायचे, आतबाहेर शेणामातीने लिंपायचे आणि त्यात ज्वारी-बाजरी साठवायचे. धान्यात मधेमधे वाळलेल्या पाल्याचा थर द्यायचा म्हणजे किडे, टोके कमी लागतात. म्हणजे भांडं पण निरगुडीचं आणि आतली राखण पण निरगुडीचीच, पैसा न खर्चता. कोंबड्यांच्या खुराड्यात पिसवा झाल्या की पाला पसरतात, गोठ्यात डास झाले की ओलसर पाल्याची धुरी करतात. सेंद्रिय शेती करणारे पिकावरच्या किडींसाठी दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क करतात त्यात निरगुडी असतेच, साधारण २०० लिटरच्या टाकीला कडुनिंबाचा पाला ५ किलो आणि निरगुडी, करंज, सीताफळ, रुई, पपई असे बाकीचे २-२ किलो, सोबत शेण आणि गोमूत्र, आणि महिनाभर रोज ढवळत ठेवायचं. एवढी कामं करणारं झुडूप ओढे रुंद करताना, बांध सपाट करताना जेसीबीने पहिलं उपटलं जातं, ते बघून जीव तुटतो. मग तोच पाला आपण वाळवून, पूड करून, प्लास्टिकच्या डब्यात घालून विकत आणायचा.

पूड पण मिळते म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. मला नाही पटली. निरगुडीचा जीव तिच्या वासात आहे आणि जुन्या पुडीला वासच उरत नाही, लेपाला पाण्यात कालवली तर नुसता गवताचा चोथा. ताजा पाला मिळत नसेल तर पूड घेण्यापेक्षा चांगलं तेल घ्या.

तेल वापरताना काही गोष्टी सांभाळा. जखमेवर, खरचटलेल्या जागी, डोळ्यांजवळ लावू नका, आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा, पुरळ आलं तर सोडून द्या. सांधा लाल झालाय, गरम लागतोय, सोबत ताप आहे, अशा वेळी चोळत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. पोटात घेण्याच्या भानगडीत स्वतःच्या मनाने अजिबात पडू नका, गरोदर बायकांनी तर मुळीच नाही, तिथे वैद्यच लागतो.

रेटिंग द्यायचं तर बचत गटाच्या तेलाला ५ पैकी ४, एक कापला तो त्या पाणी राहिलेल्या बाटलीसाठी आणि झाकणासाठी. पॅराफिनवाल्याला बाम म्हणून ३ आणि निरगुडी तेल म्हणून शून्य. स्टॉलवर घ्यायला गेलात तर बनवणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा, पाला ताजा घेता का वाळलेला, आणि तेल झालं हे कसं ओळखता. वातीचं, तडतडीचं उत्तर पटकन आलं तर बिनधास्त घ्या, आणि लेबलवर आयुर्वेदिक औषध, लायसन्स नंबर, बॅच आणि एक्सपायरी लिहिलीय का तेही बघा. घरी आणल्यावर काचेच्या बाटलीत, उन्हापासून लांब ठेवायचं आणि त्यात ओला चमचा किंवा ओलं बोट कधीच घालायचं नाही.