शिबिराचा एकांत की विहाराची सोबत?

दिवाळीला जोडून रजा मिळतेय आणि मनात दोन बेत आहेत. मरकळला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसावं, की घराजवळच्या विहारात दर रविवारी नेमानं जायला लागावं? पुण्यात दोन्हींची सोय आहे, म्हणून तर घोळ होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: आधी सोबत, मग एकांत. पुष्कळजण उलट्या क्रमानं जातात, आणि काहींचं त्यातही नीट चालतं.

विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली शिबिरं पुण्यात स्वारगेटजवळ दादावाडीत आणि आळंदीजवळ मरकळला होतात. म्हणायला दहा दिवस. पण आदल्या दिवशी दुपारी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे कॅलेंडरवरच्या बारा तारखा गेल्या. रजेचा अर्ज करताना हे लक्षात ठेवा. फोन जमा होतो. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून बैठक, दिवसभरात मिळून दहा तासांच्या आसपास ध्यान. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा-फळं, रात्रीचं जेवण नाही. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्यमौन. म्हणजे साधकांनी आपसात बोलणं बंद, खाणाखुणाही बंद. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नुसता श्वास बघणं, आणि चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना शांतपणे बघत राहणं. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान.

घरी वीस मिनिटं बसलं की मन निवल्यासारखं वाटतं, कारण तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि आपण उठतो. तिथे उठायला निमित्तच उरत नाही. दुखरा गुडघा, दहा वर्षांपूर्वीचा अपमान, भावाबरोबरचा जमिनीचा वाद, सगळं रांगेनं येतं आणि ते बघत बसावं लागतं. रविवारच्या तासाभरात हे घडणार नाही, हे कबूल.

पण या एकांतातही माणसं असतातच. हॉलमध्ये हातभर अंतरावर दुसरा साधक बसलेला असतो, स्वयंपाकघर धम्मसेवक, म्हणजे आधी शिबिर केलेले स्वयंसेवक, सांभाळतात, आणि तुमचा खर्च तुमच्याआधी बसून गेलेल्यांच्या दानातून निघतो. पूर्वीही असंच होतं. लोणावळा लोकलनं मळवलीला उतरून भाज्याची लेणी बघा, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची. भिक्खूंच्या त्या खोल्यांत जेमतेम एक माणूस आडवा होईल. पण कोकणातल्या बंदरांकडे जाणारी व्यापारी वाट याच भागातून होती, आणि समोरच्या कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकट नावाच्या गावच्या यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांची नावं कोरलेली आहेत. भिक्षेला चालत जाऊन परत येता येईल, तेवढाच तो एकांत गावापासून लांब होता.

माझ्या क्रमामागे ‘उदान’ या पाली ग्रंथातली मेघिय नावाच्या भिक्खूची हकिगत आहे. मेघिय तेव्हा बुद्धांच्या सेवेत होता. भिक्षेहून परतताना किमिकाळा नदीकाठी त्याला एक आमराई दिसली. ध्यानाला यापेक्षा चांगली जागा कुठली, असं वाटून त्यानं परवानगी मागितली. बुद्ध म्हणाले, दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब, मी इथे एकटाच आहे. त्यानं तीनदा हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. मेघिय गेला, झाडाखाली बसला, आणि त्याच्या मनात वासनेचे, द्वेषाचे, हिंसेचे विचार उसळले. जागा उत्तम होती, तयारी नव्हती. परत आल्यावर बुद्धांनी मन पिकायला लागणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या. त्यांत पहिला कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवर नेणारा सोबती, दुसरं शील, म्हणजे सदाचार.

एकांताच्या बाजूनं बोलणारे ‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथातलं खग्गविसाण सुत्त पुढे करतात: गेंड्याच्या शिंगासारखं एकट्यानं विहरावं. पण शहाणा, सदाचारी सोबती मिळाला तर आनंदानं त्याच्याबरोबर चालावं, अशीही गाथा त्याच सुत्तात आहे. ती फारशी कुणी ऐकवत नाही.

आता विहार. पुण्याच्या बाजूला याला जुना आधार आहे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत प्रश्न आहे की भिक्खू घडवण्यामागे बुद्धांचा हेतू परिपूर्ण माणूस बनवण्याचा होता की समाजसेवक. आषाढी पौर्णिमेपासूनच्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, अनेक विहारांत याच ग्रंथाचं वाचन चालतं. नव्या माणसाला जायला सुरुवात करायला तो काळ सोयीचा. विहारात तुमच्या मैत्रीभावनेची, म्हणजे सगळ्यांबद्दलच्या सद्भावनेची, परीक्षा ध्यानात होत नाही, वर्गणीच्या हिशेबावरून आवाज चढतात तेव्हा होते. दोषही सांगायला हवा: कित्येक ठिकाणी वंदना, सत्कार आणि सूचना यांत वेळ संपतो आणि ध्यानाला पाच मिनिटं उरतात. तसं असेल तर दुसरा विहार बघा, संकोच करू नका.

मधली वाटही आहे. संघरक्षित या इंग्रज बौद्ध भिक्खूंनी १९६७ मध्ये लंडनला सुरू केलेल्या बौद्ध संघाच्या (आता त्रिरत्न बौद्ध महासंघ) इथल्या शाखेचं दापोडीत महाविहार आहे आणि भाज्याला शिबिरस्थळ. आनापान, मैत्रीभावना, थोडं मौन आणि त्याच्या जोडीला गटात बसून चर्चा. ज्यांना दहा दिवसांच्या मौनाची धास्ती वाटते त्यांना मी आधी इकडे पाठवीन.

गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांचं शिबिर टाळावं, असं केंद्रंच सांगतात. फॉर्ममध्ये काही लपवू नका. आणि घरात अंथरुणाला खिळलेले आई-वडील किंवा तान्हं मूल असेल, तर तुमच्या एकांताचे बारा दिवस कुणाच्या अंगावर पडणार, ते आधी ठरवा. बहुतेक घरांत ते बायकोच्याच अंगावर पडतात, आणि तिला शिबिराला बसायचं असतं तेव्हा मात्र कुणाला रजा मिळत नाही.

शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. दोन खोल्यांच्या घरात आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ते टिकवायचं तर आठवड्याला एकदा तरी सोबत बसणारं कुणी हवं. सुट्टीच्या तारखांच्या जागा लवकर भरतात, म्हणून दिवाळीचं शिबिर हवं असेल तर गणपतीच्या आधीच फॉर्म भरा. विहाराला फॉर्म नाही. येत्या रविवारीही जाता येईल.