विंडोज १० वरचा जुना स्टुडिओ-संगणक: आहे तिथे थांबावे, विंडोज ११ टाकावे की शेजारी दुसरी डिस्क लावावी?

विंडोज १० साठीचा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या घरातल्या किंवा छोट्या स्टुडिओतल्या संगणकाला सात-आठ वर्षे झाली आहेत, ज्यावर क्युबेस, एफएल स्टुडिओ किंवा रीपर यांसारखे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर बिनतक्रार चालते आणि ज्यात वर्षानुवर्षे जमवलेले प्लगइन (त्या सॉफ्टवेअरला जोडायची वाद्ये आणि इफेक्ट) आहेत, त्यांना आता काहीतरी ठरवणे भाग आहे. कार्यालयातल्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तर फार तर प्रिंटर रुसतो. स्टुडिओत मात्र ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) ड्रायव्हर, प्लगइन आणि लायसन्स या तिन्ही गोष्टी स्वतंत्र कंपन्यांच्या असतात आणि त्यांतली एक जरी नव्या सिस्टिमवर उभी राहिली नाही, तरी मागच्या वर्षीचे मिक्स उघडत नाही. त्यामुळे खालील पर्यायांची तुलना करताना मी नव्या सोयी मोजलेल्या नाहीत. काही बिघडले तर पूर्वीच्या स्थितीत परतता येते का, एवढाच निकष मुख्य मानला आहे.

आधी संगणक कोणत्या गटातला आहे ते पाहावे. विंडोज ११ ला ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेतला अथवा त्यानंतरचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी व्यवस्था) आणि सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह सिस्टिम सुरू होऊ देणारी) सोय असलेला बोर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे साधन दोन मिनिटांत उत्तर देते, मात्र ‘नाही’ असे उत्तर आले म्हणून लगेच खचू नये, कारण पुष्कळ बोर्डांवर टीपीएम असते, पण बायोसमध्ये (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद ठेवलेले असते. रायझन वापरणाऱ्यांनी ते चालू करण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे. प्रोसेसरमधल्या टीपीएममुळे संगणक मधूनच क्षणभर अडखळतो, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले होते आणि त्यावरचा उपाय बायोसच्या अपडेटमधून दिला होता. पत्रव्यवहार करणाऱ्याला असे अडखळणे जाणवणारही नाही, पण गायकाच्या टेकमध्ये त्याचा खटका ऐकू येतो.

आहे तिथेच थांबणे

विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर असलेल्या घरगुती संगणकांना वाढीव सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा तितकी स्थानिक रक्कम मोजावी लागते. या मार्गाने ड्रायव्हर, प्लगइन, लायसन्स यांपैकी कशालाही धक्का लागत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. एक सावधगिरी मात्र हवी: बॅकअप चालू करताना ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्हमध्ये जाऊ देऊ नये. तिथले मोफत ५ जीबी दोन-तीन प्रोजेक्टांतच भरतात आणि फाइलींचे मार्ग बदलल्यामुळे प्रोजेक्ट उघडताना ऑडिओ सापडत नाही.

मुदत संपल्यावर इंटरनेट काढून टाकून तोच संगणक निव्वळ रेकॉर्डिंगसाठी ठेवणे, हा या पर्यायाचा पुढचा टप्पा. फायरवायर या जुन्या जोडणीचा इंटरफेस वापरणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवेन. मात्र इंटरनेट तोडण्याआधी आयलॉक या लायसन्स-सेवेच्या क्लाउडवरचे लायसन्स संगणकावर किंवा यूएसबी आयलॉकवर हलवावे, कारण क्लाउडच्या लायसन्सला जोडणी सतत लागते. मासिक भाड्याचे प्लगइन अशा संगणकावर फार काळ टिकत नाहीत, हेही गृहीत धरावे.

त्याच डिस्कवर विंडोज ११

हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वाधिक निवडला जाणारा मार्ग. प्रोग्रॅम, प्लगइन आणि बहुतेक लायसन्स जागच्या जागी राहतात, पुन्हा सारे टाकत बसावे लागत नाही. न जमल्यास परतायलाही १० दिवस मिळतात. पण ही मुदत स्टुडिओच्या दृष्टीने अपुरी आहे. ज्या प्लगइनची अडचण येणार असते, तो नेमका तीन आठवड्यांनी उघडलेल्या जुन्या प्रोजेक्टमध्ये निघतो आणि तोवर परतीचा दरवाजा बंद झालेला असतो. म्हणून संपूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) क्लोनझिलासारख्या साधनाने बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय, आणि ती प्रतिमा परत बसवता येते याची खात्री केल्याशिवाय, या वाटेला जाऊ नये.

शेजारी दुसरी डिस्क

ज्यांचा संगणक अधिकृत यादीत बसतो, त्यांच्यासाठी माझी पसंती या पर्यायाला आहे. ५०० जीबीची वेगळी एसएसडी घ्यावी, तीवर विंडोज ११ नव्याने टाकावे आणि जुनी डिस्क जशीच्या तशी राहू द्यावी. विंडोजचे डिजिटल लायसन्स बोर्डाशी जोडलेले असल्याने तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम, टाकल्यास ते वेगळे विकत घ्यावे लागत नाही. रात्री नऊ वाजता गायक माइकपुढे उभा असताना नव्या सिस्टिमने दगा दिला, तर संगणक बंद करून बूट मेन्यूतून जुनी डिस्क निवडायची आणि काम पुढे चालू ठेवायचे; इतकी स्वस्त परतीची वाट दुसऱ्या कोणत्याही मार्गात नाही.

या पर्यायातली कटकट बारीकसारीक बाबींत आहे. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, नाहीतर विंडोज आपली बूटची माहिती तिच्यावर लिहून मोकळे होते आणि मग एक डिस्क काढली की दुसरीही सुरू होत नाही. सॅम्पल लायब्ररीची डिस्क पूर्वी डी ड्राइव्ह असेल, तर नव्या सिस्टिममध्येही तिला तेच अक्षर द्यावे. म्हणजे तबल्याचे आणि तानपुऱ्याचे सॅम्पल पुन्हा शोधत बसावे लागत नाही. दोन्हीकडचे फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण अर्धवट झोपलेल्या एका विंडोजच्या पाठीमागे दुसऱ्याने सामाईक डिस्कवर लिहिले, तर फाइली खराब होऊ शकतात. अलीकडच्या २४एच२ आवृत्तीत नव्या इन्स्टॉलनंतर डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकते, तेव्हा त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी किंवा ते बंद करावे.

लायसन्सच्या बाबतीत मात्र हा मार्ग त्याच डिस्कवरच्या अपग्रेडपेक्षा अवघड आहे. संगणकाला बांधलेली पुष्कळ लायसन्स नव्या सिस्टिमला दुसरा संगणक समजतात, म्हणून प्रत्येक कंपनी किती ठिकाणी परवानगी देते ते आधी पाहून घ्यावे. क्युबेस ११ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर गाठ अधिक घट्ट आहे. क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने लायसन्स सांभाळणारी जुनी ई-लायसन्सर सेवा २० मे २०२५ रोजी बंद केली. डोंगलमधले (यूएसबीला लावायच्या किल्लीतले) लायसन्स डोंगल शाबूत आहे तोवर चालते, पण क्युबेसच्या एलिमेंट्स किंवा एआयसारख्या छोट्या आवृत्त्यांचे संगणकातच साठवलेले लायसन्स नव्या इन्स्टॉलवर पुन्हा सक्रिय करता येत नाही. अशांनी जुनी डिस्क पुसण्याचा विचारही करू नये.

ड्रायव्हरचा प्रश्न दोन्ही मार्गांत सारखाच येतो. विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण काही जुन्या ड्रायव्हरांना सुरूच होऊ देत नाही. नव्या इन्स्टॉलवर ते सहसा आधीच चालू असते. इंटरफेस दिसेनासा झाला तर पहिला संशय याच्यावर घ्यावा. संरक्षण बंद करून काम भागते, पण मग सुरक्षेसाठी केलेल्या खटाटोपातला एक भाग आपणच सोडून दिला, हे ध्यानात असावे. जुने ३२-बिट प्लगइन चालणार नाहीत ही भीती मात्र अनाठायी आहे. ॲपलने २०१९ च्या कॅटलिनापासून ३२-बिट प्रोग्रॅम बंदच केले, तसे विंडोज ११ ने केलेले नाही. क्युबेसने स्वतः ९ व्या आवृत्तीपासून त्यांना सोडले, ती गोष्ट वेगळी.

यादीबाहेरच्या संगणकावर जबरदस्तीने

रुफससारख्या साधनाने तपासण्या टाळून सातव्या पिढीच्या किंवा त्याहून जुन्या प्रोसेसरवरही विंडोज ११ बसते आणि बहुतेकदा चालतेही. परंतु अशा संगणकांना अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि वार्षिक मोठी आवृत्ती अनेकदा हातानेच टाकावी लागते. ज्या कामाचे पैसे घेतले आहेत, ते अशा पायावर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हौसेखातर, वेगळ्या डिस्कवर, जरूर करून पाहावे.

मार्ग कोणताही निवडला तरी बदलापूर्वी महत्त्वाच्या प्रोजेक्टांतला प्रत्येक ट्रॅक टाइमलाइनच्या शून्यापासून २४-बिट वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावा, आणि क्युबेसची आवृत्ती त्याच दिवशी बदलू नये, कारण दोष सिस्टिमचा की क्युबेसचा हे मग कळत नाही. बदलानंतर नेहमीच्याच प्रोजेक्टवर १२८ सॅम्पलचा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा), म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सुमारे २.७ मिलिसेकंद, ठेवून लेटन्सीमॉन हे विलंब मोजणारे साधन अर्धा तास चालवावे आणि बदलापूर्वी नोंदवलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. आणि हे सारे गणपतीच्या गाण्यांची रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी उरकावे, किंवा मग विसर्जनानंतरच हातात घ्यावे.