डीएमआर (डिजिटल रेडिओ) सेटच्या नावाखाली २४,७०० रुपयांना गंडवलं, हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्रांनो सावध राहा

डीएमआरची एक हँडी (हातात धरायचा वॉकीटॉकी) ७,४५० ला, गाडीत बसवायचा मोबाइल सेट १४,९०० ला आणि वर 'कस्टममध्ये अडकलाय' म्हणून आणखी २,३५०. एकूण २४,७०० रुपये. हातात आली ती फक्त हँडी, आणि तीही साधी ॲनालॉग!

डबा उघडल्यावर पाच मिनिटांत कळलं. मेनूत ॲनालॉगचे सीटीसीएसएस टोन आहेत, पण डीएमआरला लागणारा कलर कोड नाही, टाईमस्लॉट नाही, ४०४ ने सुरू होणारा माझा सात आकडी डीएमआर आयडी टाकायला जागाच नाही. घरच्या हॉटस्पॉटच्या (इंटरनेटला जोडलेल्या छोट्या डीएमआर रेडिओच्या) फ्रिक्वेन्सीवर लावली तर नुसती घर्रर्र. बाहेर मात्र 'डीएमआर टियर २' असं चकचकीत स्टिकर, तेही एका कोपऱ्यात उचकटलेलं.

कुणी म्हणेल, तपासायचं नाही का? तपासलं होतं! विकणाऱ्याने कॉलसाइन (हॅमच्या लायसन्सवरची ओळख) दिला, तो मी क्यूआरझेड या हॅमच्या यादीच्या साइटवर पाहिला, नाव जुळलं. कॉलसाइन दुसऱ्याच एका ज्येष्ठ हॅमचा होता, हे नंतर समजलं. हॅम माणूस हॅमला फसवेल असं कुणाच्या मनात येतं? त्यात २०२५ मध्ये वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीचे नियम कडक झाल्यापासून स्वस्त सेटसाठी लोक हॅमच्या ग्रुपवरच शोधतात.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. पैसे पाठवण्याआधी मी म्हटलं होतं, "ओएम (म्हणजे आम्हा हॅमचं 'मित्रा'), एकदा रिपीटरवर (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) या ना, दोन शब्द बोलू." तर म्हणे, "अँटेना उतरवलाय, छताचं काम चालू आहे." अरे, विकायला हँड्या हातात घेऊन बसलायस आणि बोलायला छतावरचा अँटेना लागतो? तिथेच फोन ठेवायला हवा होता. युपीआयवर नाव वेगळं आलं तेव्हा "मेहुण्याचं खातं" हेही ऐकून घेतलं.

पोलीस स्टेशनात तर उलट माझीच झडती. "वॉकीटॉकी कशाला लागतो तुम्हाला?" लायसन्स पुढे ठेवलं, तर ते खरं की खोटं यावरच तासभर गेला. हे लायसन्स केंद्र सरकार परीक्षा घेऊन देतं, हे सांगून घसा सुकला. शेवटी अर्ज घेतला, शिक्का मारला, पुढे काहीच नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. पिन मी टाकला, पण चोर कोण?

सेट घेताना व्हिडिओ कॉलवर कलर कोडचा मेनू उघडून दाखवायला सांगा. टियर १ (फक्त सेट-ते-सेट चालणारा डीएमआर) गळ्यात मारत असेल तर नको म्हणा, रिपीटर टियर २ वर चालतात. कोडप्लग (सेटमधली सेटिंग्जची फाइल) वाचून दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, उद्यावर टाकू नका.

तोच फोटो, तेच उचकटलेलं स्टिकर, काल दुसऱ्या नावाने ६,९९० ला पुन्हा विक्रीला दिसलं. तुमच्या ग्रुपवर आलं तर ॲडमिनला आधी कळवा.