पोटरी दुखते: धमनी, शीर की मणका?

पोटरी दुखते म्हटलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे उत्तर ठरलेलं असतं: ‘वात आहे’. मग तेल, शेक आणि शेवटी मेडिकलमधून आणलेले घट्ट मोजे. हे मोजे एका आजारात औषध आहेत, दुसऱ्यात धोका. म्हणून ‘कुठे दुखतं’ यापेक्षा ‘कशाने थांबतं’ हे आधी विचारावं.

पायाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद झाली असेल तर बसल्या जागी काहीच होत नाही. खडे बाजारातून चालायला लागलं की ठरावीक अंतरावर, समजा 200 मीटरवर, पोटरीत गोळा येतो. नुसतं उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत जातो, पुन्हा जवळपास तेवढंच चाललं की येतो. चढावर आणखी लवकर. मणक्यात नस दबली असेल तर उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस सायकल खुशाल मारतो, पण सौंदत्तीच्या डोंगरावरून उतरताना हैराण होतो. रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या शिरांचं दुखणं वेगळंच: सकाळी पाय हलका, दिवसभर उभं राहिल्यावर जड, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतलेला.

रात्री फरक आणखी ठळक होतो. शिरांचा रुग्ण पायाखाली उशी घेतो. धमनी फार बंद झालेला रुग्ण झोपेतून उठून पाय खाटेखाली लोंबकळत सोडतो, कारण तेवढंच रक्त खाली उतरतं. पाय लोंबकळत ठेवूनच झोपणाऱ्याला संधिवाताच्या गोळ्या देत बसू नये.

जखमेची जागाही बोलते. घोट्याच्या आतल्या बाजूला, काळपट कातडीत, उथळ आणि पाझरणारी असेल तर बहुधा शीर. बोटांच्या टोकाला, कोरडी आणि ठणकणारी असेल तर धमनी. मधुमेहात मात्र ठणका नसतो, म्हणून जखम लहान वाटते. संवेदना गेलेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावली तर भाजलेलंही कळत नाही.

पन्नाशीच्या आतला विडी ओढणारा किंवा तंबाखू खाणारा, आणि बोट काळं पडतंय? बर्जर रोगाचा विचार हवा. त्यात बंद पडतात त्या बारीक वाहिन्या, त्यामुळे बायपास बहुतेकदा जमत नाही. तंबाखू पूर्ण सुटली तरच पाय वाचायची आशा. ‘दिवसाला दोनच’ चालत नाही.

तपासणीत आधी घोटा-दंड दाब. घोट्याचा वरचा दाब भागिले दंडाचा: घोट्याला 98 आणि दंडाला 140 असेल तर 0.70. 0.90 किंवा त्याहून कमी म्हणजे धमनीचा आजार. 1.40 च्या वर गेला तर खूश होऊ नये. मधुमेहात धमनी कडक होऊन दाबली जात नाही, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. घट्ट मोजे घ्यायचे तर हा आकडा आधी हवा. 0.5 च्या खाली ते घालूच नयेत, 0.8 च्या खाली तज्ज्ञाला विचारूनच.

चिठ्ठीवर नुसतं ‘पायाचा डॉपलर’ (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) असेल तर विचारून घ्या: धमनीचा की शिरांचा? दोन्ही वेगळ्या तपासण्या आहेत. फुगलेल्या शिरांचा डॉपलर उभं करून करावा. झोपवून केला तर उलटं वाहणारं रक्त निसटतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.

एकाच पायाला अचानक सूज आली तर टेप घ्या. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. 3 सेंमी किंवा जास्त फरक असेल, विशेषतः ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर खोल शिरेत गुठळी नाही ना हे त्याच दिवशी बघावं. तो पाय चोळू नये. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत.

पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला तर घड्याळ बघा: साधारण सहा तासांनंतर स्नायू मरायला लागतात. कणकुंबी-जांबोटीकडून निघणाऱ्याने वाटेतल्या दवाखान्यांत थांबत न बसता, रक्तवाहिन्यांचा सर्जन कुठे हजर आहे हे फोनवर विचारून थेट तिथेच जावं.