बेसबॉलचा अख्खा मोसम, डे मॉइनहून: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

एप्रिल ते सप्टेंबर २०२५ असा बेसबॉलचा एक अख्खा मोसम आम्ही बघितला. मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या राजधानीत, डे मॉइनला, राहून आम्हाला बरीच वर्षं झाली, पण तोवर बेसबॉल म्हणजे ऑफिसात कोणी विषय काढला की मान डोलवायची, एवढंच. या वर्षी दोन गोष्टींवर पैसे खर्च केले. एक, इथल्या आयोवा कब्ज संघाच्या घरच्या मैदानावरच्या काही सामन्यांची तिकिटं. दुसरी, मेजर लीगचे, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगचे, सामने घरी बघायला वर्षाचं एक स्ट्रीमिंग पॅकेज. आता दोन्हींचं नूतनीकरण करायचं की नाही हे ठरवायचंय, म्हणून सविस्तर लिहितो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: खेळात काही कमी राहिलेलं नाही. मैदानावर जोडलेला प्रेक्षक घरी टीव्हीसमोर हातचा जातो.

आधी मैदान. आयोवा कब्ज हा शिकागो कब्जचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या अगदी खालची पायरी. हे नातं १९८१ पासूनचं. प्रिन्सिपल पार्क हे त्यांचं मैदान डे मॉइन आणि रॅकून या दोन नद्यांच्या संगमावर आहे. संध्याकाळी खुर्चीत बसलं की आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागाच्या, पलीकडे राज्याच्या कॅपिटॉलचा सोनेरी घुमट दिसतो. मंगळवार ते रविवार त्याच पाहुण्या संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. आठवडाभर समोर तेच खेळाडू दिसतात, त्यामुळे चेहरे पाठ होतात. नव्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. नावं कळली की जीव गुंततो.

बाबांचा जीव मात्र नावांत नाही, आकड्यांत गुंतला. सोलापूरला पार्क मैदानावरच्या क्लब सामन्यांत त्यांनी अनेक वर्षं स्कोअर लिहिलाय. दुसऱ्याच सामन्याला त्यांचं लक्ष शेजारच्या आजींच्या मांडीवरच्या वहीकडे गेलं. त्या बाई वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसतात, कानामागे पेन्सिल खोचलेली. वहीत प्रत्येक बॅटरसाठी चौकोन आणि प्रत्येक चौकोनात बेसचा, म्हणजे धाव काढताना गाठायच्या चार थांब्यांचा, छोटा हिरा. मैदानावरच्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) ६ आणि आउटफिल्डला डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून सेकंडला दिला, तिथून तो फर्स्टला गेला आणि दोघे बाद झाले, तर लिहायचं फक्त ६-४-३. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा मारायच्या टप्प्यातले सोडलेले चेंडू) होऊन बाद झाला तर इंग्रजी के अक्षर. बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच के उलटा काढायचा.

बाबांना हा उलटा के इतका आवडला की त्यांनी वही मागून घेतली आणि कोपऱ्यात क्रिकेटची मेडन ओव्हर काढून दाखवली: सहा टिंबं आणि ती जोडून तयार होणारा एम. विकेट पडली असेल तर तोच एम उलटून डब्ल्यू. आजींनी ते दोन-तीनदा स्वतः गिरवून पाहिलं. दोघांना एकमेकांचं इंग्रजी नीट कळत नव्हतं, पण पाचव्या इनिंगपर्यंत बाबांच्या हातात त्यांची जादाची पेन्सिल होती. पुढच्या सामन्याला बाबा स्वतःची वही घेऊन आले आणि त्यांनी लेकीलाही लिहायला बसवलं. दोन चेंडूंमधला जो वेळ नव्या माणसाला रिकामा वाटतो, तो वहीमुळे भरून निघतो. कुठल्याही क्लबला माझं एकच मागणं: दारातून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात कोरा स्कोअरकार्ड आणि पेन्सिल द्या. मैदानावरच्या फटाक्यांपेक्षा ते स्वस्त पडेल आणि जास्त टिकेल.

आता खेळाच्या वेगाबद्दल. ‘फार रटाळ असतो’ ही तक्रार मीही करायचो आणि ती खरीच होती. २०२२ मध्ये मेजर लीगचा नऊ इनिंगचा सामना सरासरी तीन तासांच्या वर जायचा. २०२३ मध्ये पिच क्लॉक आलं: बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरने फर्स्ट बेसकडे पुन्हापुन्हा चेंडू फेकत बसण्यावर मर्यादा आली. सरासरी सामना २ तास ४० मिनिटांवर आला आणि चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेला पुढचा बेस) एका वर्षात सुमारे २,५०० वरून ३,५०० वर गेले. त्या मोसमात मैदानांवर सात कोटींहून जास्त प्रेक्षक आले. प्रयोग आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या संघांत, करून, चुका सुधारून मग वर नेला, हे मला विशेष वाटतं. लेकीची शाळा असूनही आम्ही मधल्या वारी सामन्याला जाऊन वेळेत घरी येऊ शकलो ते या घड्याळामुळे. बाबा म्हणाले, “गोलंदाजाला खोळंबा करू देत नाहीत, हे फार चांगलं केलं.”

अंपायरच्या निर्णयाला आव्हान द्यायची पद्धतही आम्ही इथे ट्रिपल-एमध्येच बघितली. स्ट्राइक की बॉल (टप्प्याबाहेरचा चेंडू) हे पटलं नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर हेल्मेटवर किंवा टोपीवर थाप मारतो. मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग दिसतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. त्या काही सेकंदांत सगळं मैदान श्वास रोखून बसतं. हे २०२६ पासून मेजर लीगमध्ये येतंय आणि मला त्याचा आनंद आहे.

मग अडतंय कुठे? आमच्या घरात जे घडलं तेच सांगतो. मे महिन्यात एका आउटफिल्डरने इनिंग संपल्यावर परत येताना लेकीकडे चेंडू टाकला. त्या दिवसापासून तो तिचा खेळाडू. वहीत त्याचा चौकोन ती रंगीत पेन्सिलने भरायची. जुलैत त्याला शिकागोहून बोलावणं आलं. ट्रिपल-ए बघण्यातलं सगळ्यात मोठं सुख हेच, की आपण रोज पाहिलेला पोरगा वरच्या पायरीवर जातो. त्या संध्याकाळी आम्ही लवकर जेवलो, लेक वही घेऊन सोफ्यावर बसली, मी पॅकेज उघडलं आणि पडद्यावर एक ओळ आली: तुमच्या भागात हा सामना उपलब्ध नाही. ग्राहक सेवेशी मी चाळीस मिनिटं चॅट केलं. उत्तर एकच मिळालं, शिकागो तुमचा स्थानिक संघ आहे. आमच्या घरापासून शिकागो सुमारे ५३० किलोमीटरवर आहे.

आयोवात मेजर लीगचा एकही संघ नाही, पण शिकागोचे दोन, सेंट लुईस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा आणि मिलवॉकी असे सहा संघ ‘स्थानिक’ धरले जातात आणि ते मुख्य पॅकेजमधून वगळलेले असतात. यामागे जुना हिशोब आहे. प्रादेशिक क्रीडा वाहिन्या क्लबांना भरपूर पैसे द्यायच्या आणि बदल्यात एका भूभागावरचा हक्क घ्यायच्या. घरोघरी केबल होती तोवर हे चाललं. आता लोकांनी केबल काढून टाकलीय आणि अशा अनेक वाहिन्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मे अखेरीस सॅन डिएगो पाद्रेस या संघाचं प्रक्षेपण तिच्या हातून सुटलं, तेव्हा लीगने ते स्वतःकडे घेतलं आणि तिथल्या प्रेक्षकांना थेट विकायला सुरुवात केली. म्हणजे मार्ग आहे. लीगचे राष्ट्रीय प्रक्षेपणाचे करार २०२८ च्या मोसमानंतर संपतात, त्या वेळी हा नकाशा पुसला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण तोवर आमची लेक बारा वर्षांची होईल. नऊ वर्षांच्या मुलीचा हा लळा तीन वर्षं कोण सांभाळणार?

आयोवाच्या बाबतीत मला हे जास्त लागतं, कारण लीगला आयोवा दिसतं तेव्हा फार सुंदर दिसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये डायर्सव्हिलला मक्याच्या शेतात तात्पुरतं मैदान बांधलं होतं, खेळाडू डोक्याहून उंच मक्यातून चालत बाहेर आले होते आणि शिकागो व्हाइट सॉक्सने न्यूयॉर्क यांकीजना शेवटच्या इनिंगमध्ये ९-८ असं हरवलं होतं. सगळ्या देशाने ते पाहिलं. पण त्याच वर्षी मायनर लीगची फेररचना होऊन संलग्न संघांची संख्या १६० च्या आसपास होती ती १२० वर आली आणि आयोवातल्या बर्लिंग्टन व क्लिंटन या छोट्या गावांच्या संघांचं मेजर लीगशी नातं तुटलं. दोन्ही गावांत बेसबॉल चालू आहे, पण तिथल्या मुलाला ‘हा उद्या वर जाणार’ असं म्हणता येत नाही. कधीतरी शेतात मोठा सोहळा करण्यापेक्षा अशी गावं राखण्यात जास्त प्रेक्षक जोडले गेले असते, असं मला वाटतं.

ऑगस्टमध्ये एकदा तीन तास गाडी चालवून कॅन्सस सिटीलाही गेलो. कॉफमन स्टेडियममधली आउटफिल्डमागची कारंजी बघण्यासारखी आहेत, दिवस छान गेला. पण एवढं अंतर वर्षातून एकदाच कापता येतं. मेजर लीगचा संघ मोसमात १६२ सामने खेळतो. हा रोजच्या सवयीचा खेळ आहे, संध्याकाळी स्वयंपाक करताना बाजूला चालू राहावा असा.

माझा निर्णय: पुढच्या वर्षी प्रिन्सिपल पार्कची तिकिटं वाढवतोय. पॅकेज बंद करणार होतो, पण बाबांमुळे थांबलो.

बाबा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. तिथे त्यांनी सहज माझं खातं उघडलं तर शिकागोचा सामना सुरू झाला. भारतात आयोवाचा नकाशा लागू होत नाही. इथे संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटं म्हणजे सोलापुरात पहाटेचे पाच पस्तीस. बाबा चहा घेऊन बसायचे आणि आम्हाला फोन लावायचे. लेक स्वयंपाकघराच्या टेबलावर वही उघडून फोन स्पीकरवर ठेवायची. तिचा खेळाडू बॅटिंगला आला की आजोबा आवाज हळू करत, “दोन बॉल, एक स्ट्राइक. थांब. मारला! सहाकडे गेला, सहाने चारला दिला…” आणि ती चौकोनात आकडे लिहीत जायची.