रिकाम्या जागेतला ठणका आणि रात्रीची गोळी: आठ महिन्यांनंतर

खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल झालं, पण दुखणं काही थांबलं नाही. पुन्हा उघडून केलं, मग दाढच काढली. दाढ गेली तरी तिच्या रिकाम्या जागेत ठणका तसाच! शेजारची दाढ मी हट्टाने काढायला लावली, तर ठणका सरकून वरच्या हिरडीत गेला. एक्स-रे दरवेळी स्वच्छ. एका दवाखान्यात 'काकू, मनाचे खेळ आहेत' म्हणून बोळवण झाली, तेव्हा रिक्षात घरापर्यंत रडत आले.

शेवटी पुण्यातच ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या डॉक्टर भेटल्या. जेवताना दुखतं का? नाही. झोपेतून उठवतं का? नाही. बधिर केल्यावर थांबतं का? धड नाही. बी-१२, साखर, थायरॉइड तपासून त्या म्हणाल्या, "दुखणं खरं आहे, पण दातात काही नाही. दुखण्याची वर्दी देणाऱ्या नसा आणि मेंदू यांच्यात बिघाड आहे." त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ईसीजी काढून अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं, रात्री १० मिलिग्रॅम.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत." मलाही तीच भीती होती. डॉक्टरांनी समजावलं, की नैराश्यावर याच औषधाचा डोस बहुधा ७५ ते १५० मिलिग्रॅम असतो. थोड्या डोसात ते सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मेंदूतली रसायनं वाढवून मेंदूकडून खाली येणारा वेदनेचा लगाम घट्ट करतं, नैराश्य नसलं तरीही. दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायचं नाही.

पहिले दहा दिवस वाईट गेले. सकाळी डोकं जड, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान नाही. साडेदहाऐवजी साडेआठला गोळी घ्यायला लागले, तेव्हा फरक पडला. तोंड इतकं कोरडं, की पोळीचा घास टाळूला चिकटायचा. आजही पाण्याची बाटली हाताशी लागते. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट दिली आहे. बद्धकोष्ठाला इसबगोल. वजन तीन किलो वाढलं, ते मला अजिबात आवडलेलं नाही. अंथरुणातून झटकन उठलं की चक्कर येते. काचबिंदू किंवा हृदयाची तक्रार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत ठणक्यात काहीच फरक नव्हता, सोडून देणार होते. पाचव्यात एक दुपार गेली आणि दाढेची आठवणच आली नाही. आता २० मिलिग्रॅमवर आहे. दहापैकी आठ असलेलं दुखणं दोन-तीनवर आलंय, शून्य झालेलं नाही. परवा भिशीत दोन तास गप्पा मारल्या, ठणका आठवला तो चपला काढताना.

ही गोळी दाढा काढण्याआधी कुणी सुचवली असती तर! त्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. इम्प्लांटचं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, ठणका सहा महिने गप्प राहू दे, तोवर तिथे कुणालाही हात लावू द्यायचा नाही.